उन्हातल्या आईला उन्हाचं जीवनसत्त्व कमी

ग्लासगोत आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. मागच्या फेब्रुवारीत मला मांडीवर हात टेकून जिना चढावा लागायला लागला. नडगी नुसती दाबली तरी ठणकायची. थंडीचं असेल म्हणून दोन महिने अंगावर काढलं. शेवटी रक्त तपासलं, तर ड जीवनसत्त्व १८. इथे २५ च्या खाली म्हणजे कमतरता. आपल्याकडच्या मापात हा आकडा ७ च्या आसपास येतो, आणि तिथे २० च्या खाली कमी धरतात.

डिसेंबरात इथे पावणेचारलाच सूर्य मावळतो. शिवाय ऑक्टोबर ते मार्च तो इतका तिरपा असतो, की कातडीत हे जीवनसत्त्व बनवणारे किरण हवेतच अडतात. म्हणून थंडीत रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी घ्या, असं इथलं सरकारच सांगतं. आपल्यासारख्या सावळ्या माणसांना तर बाराही महिने.

दिवाळीला यवतमाळकडे गावी गेले, तेव्हा कापसाची वेचणी जोरात होती. आई वावरातून आली, ओटीतला कापूस रिकामा केला, जरा टेकली आणि उठताना तिचा हात मांडीवर गेला. अगदी माझ्यासारखा. पोटात धस्स झालं.

"आई, कधीपासून गं?"

"वय झालं न बाई आता."

वय बावन्न.

"जन्म उन्हात गेला तिचा, तिला कसं कमी पडंल?" बाबा म्हणाले. मी तिच्याकडे बघितलं. साडीवर बाबांचा लांब बाह्यांचा शर्ट, डोक्यातोंडाला रुमाल, उघडे फक्त डोळे आणि बोटं. पऱ्हाटी ओरबाडते, ऊन भाजतं. ते कपडे हवेतच. पण ऊन कातडीपर्यंत पोचतच नव्हतं. तपासणीत आपल्याकडच्या मापात ११ निघालं.

तालुक्याच्या डॉक्टरांनी ६०,००० युनिटचं पाकीट दिलं. आठवड्याला एक, आठ आठवडे, जेवणानंतर दुधातून, कारण हे स्निग्धातच विरघळतं. ते ऐकून शेजारच्या काकू मेडिकलमध्ये निघाल्या. त्यांना मी हात जोडून थांबवलं. तपासल्याशिवाय नको, आणि आठवड्याचं पाकीट रोज तर मुळीच नको! जास्त झालं की रक्तात कॅल्शियम वाढतं, मळमळ, मूतखडा, किडनीलाही इजा.

कोवळ्या उन्हात बसा, असं आपण ऐकत आलो. त्या उन्हात हे किरण फारसे नसतात. आपली सावली आपल्याहून आखूड पडते, तेव्हाचं ऊन कामाचं. आता आई बाराच्या सुमारास पंधरा-वीस मिनिटं बाह्या वर करून अंगणात बसते.

परवा सहावं पाकीट झालं. उठताना तिला अजून दुखतं, पण नडगी दाबली तर आता हात झटकत नाही.