रात्रीच्या खेळाचा मालक कोण?

गेल्या कार्तिकात वेंगुर्ल्याजवळच्या एका गावी जत्रेला गेलो होतो. पहाटे दशावताराचा खेळ आटोपल्यावर, रात्रभर स्त्रीपार्ट केलेले एक वयस्क कलावंत देवळाच्या ओवरीत खोबरेल तेलाने तोंडावरचा रंग उतरवत बसले होते. एका गालावरचा रंग अजून तसाच असताना त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. आदल्या वर्षीचा त्यांचाच खेळ कुणा अनोळखी माणसाने न विचारता चित्रित करून महाजालावर टाकला होता, खाली स्वतःचे नाव देऊन ‘सर्व हक्क राखीव’ असे लिहिले होते, आणि नटांपैकी एकाचेही नाव त्यात नव्हते. ‘‘बोललंय मी, आणि मालक झालो तो?’’ एवढेच त्यांनी विचारले. त्या वेळी मला धड उत्तर देता आले नाही, याची खंत अजून आहे.

आपण कॉपीराइटला स्वामित्वहक्क म्हणतो, त्यामुळे तो शेतजमिनीसारखा, पिढ्यान्‌पिढ्या चालणारा मालकीचा हक्क असावा असे वाटू लागते. प्रताधिकार, म्हणजे प्रती काढण्याचा अधिकार, हा शब्द मला अधिक नेमका वाटतो, कारण या कायद्याचा जन्मच छापखान्यातून झाला आहे. लंडनच्या छापखानेवाल्यांच्या आणि पुस्तकविक्रेत्यांच्या मंडळाला 1557 मध्ये राजसनद मिळाली. पुस्तकाची नोंद त्या मंडळाच्या सभासदाच्या नावे होई आणि छापण्याचा हक्कही त्याच्याकडेच राही. राजसत्तेला नको असलेला मजकूर अडवण्याची सोयही त्यातून आपोआप होत असे. लेखक हस्तलिखित विकून मोकळा होई. हे चित्र 1710 च्या इंग्लंडमधील कायद्याने बदलले. तो कायदा विद्येला उत्तेजन देण्यासाठी केला आहे, असे त्याच्या नावातच म्हटले होते, आणि त्याने हक्काचा पहिला धनी लेखकाला मानले. नव्या पुस्तकाला 14 वर्षे, आणि तोवर लेखक हयात असल्यास आणखी 14 वर्षे, इतकीच मुदत होती. पुस्तकविक्रेत्यांनी पुढे कायमच्या हक्कासाठी बरेच झगडून पाहिले, परंतु 1774 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो दावा फेटाळला. मुदत संपली की पुस्तक सर्वांचे, हे तत्त्व तेव्हापासून पक्के झाले, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासाचा गाभा तोच आहे.

आपला सध्याचा कायदा 1957 चा. लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 50 वर्षे हक्क, अशी त्यात तरतूद होती. रवींद्रनाथ ठाकूरांच्या साहित्यावरील हक्क संपत आले तेव्हा, 1992 मध्ये, ती मुदत 60 वर्षे करण्यात आली. दापोली तालुक्यातल्या पालगडचे साने गुरुजी 1950 मध्ये गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके जुन्या हिशेबाने 2001 च्या आरंभीच सर्वांसाठी खुली झाली असती, ती दहा वर्षे उशिरा झाली. मात्र हक्क संपला म्हणून कुणी त्या पुस्तकांवर स्वतःचे नाव घालावे, असा त्याचा अर्थ होत नाही. कर्तेपणाचा मान आणि छपाईचा हक्क या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कायद्याचे 57 वे कलमही त्या वेगळ्याच ठेवते: लेखकाने हक्क विकून टाकले तरी कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा आणि आपली कृती विद्रूप होऊ न देण्याचा त्याचा अधिकार शाबूत राहतो. अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ ऐकत वाढलेल्या माणसाला हे निराळे समजावून सांगावे लागू नये.

आता दशावताराकडे येतो. खेळाची लिखित संहिता नसते. कोणते आख्यान लावायचे आणि कोणी कोणती भूमिका करायची हे ठरते, आणि मग पेटी, पखवाज व झांजेच्या साथीने नट रंगमंचावर उभ्या-उभ्या संवाद रचत जातो. कायदा मात्र नाट्यकृती म्हणून तिलाच ओळखतो, जी लिहून किंवा अन्य प्रकारे निश्चित झालेली असते. म्हणजे पुराणांच्या व्यासंगावर आणि वर्षानुवर्षांच्या सरावावर उभे राहिलेले ते भाषण हवेत विरून जाते, आणि त्याची चित्रफीत करणारा मात्र चित्रफितीचा हक्कदार ठरतो. ही उणीव मला फार मोठी वाटते.

तरीही त्या कलावंतांना सांगण्यासारखे काही होते. 1994 च्या दुरुस्तीने सादरकर्त्याला स्वतंत्र हक्क मिळाला. कायद्याच्या व्याख्येत नट आणि गायक यांच्याबरोबर डोंबारी, जादूगार आणि गारुडीही येतात, याचे मला मनापासून समाधान वाटते. सादरीकरणाचे चित्रण करायचे तर सादरकर्त्याची संमती हवी. खासगी वापरासाठी कुणी केले तर गोष्ट वेगळी. हा हक्क 50 वर्षे टिकतो, आणि 2012 पासून सादरकर्ता म्हणून नाव लावले जाण्याचा अधिकारही कायद्यात आला आहे. शिवाय संवाद पाठ केलेले असोत वा आयत्या वेळी सुचलेले, या हक्काला त्याने फरक पडत नाही.

महिन्याभराने शेजारच्या गावच्या जत्रेत ते पुन्हा भेटले, तेव्हा रंगपटात बसून मी त्यांना हे सारे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि आधी भुवई पुरी रेखली. त्या रात्रीचा खेळ मी सर्वांना विचारून चित्रित केला आणि नटांची, वादकांची नावे वहीत उतरवून घेतली. पखवाजवाल्याने आपल्या नावापुढे गावाचे नावही घालायला सांगितले.