सोलापूरच्या उन्हाचा माज

"उन्हाचं मला सांगू नका, मी सोलापूरची आहे." अ‍ॅरिझोनात आल्यापासून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकवलंय की "उन्हाचं" म्हटलं की नवरा उठून चहा टाकायला जातो. एप्रिल-मेच्या ४३ डिग्रीत दप्तर घेऊन शाळेतून चालत घरी येणाऱ्या मुलीला फिनिक्स काय घाबरवणार?

२०२३च्या उन्हाळ्यानं तो माज उतरवला. ३० जूनपासून सलग ३१ दिवस शहराचा पारा रोज ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३.३ सेल्सिअस किंवा त्याच्या वर. आणि नेमक्या त्याच महिन्यात मला ट्रेनिंगचा पाया घालायचा होता.

कशाचं ट्रेनिंग? टूसॉनच्या उत्तरेला ओरॅकल गावाजवळ दर फेब्रुवारीत '२४ अवर्स इन द ओल्ड प्वेब्लो' ही माउंटन बाइकची शर्यत होते. (आपल्याकडे 'बाइक' म्हणजे मोटारसायकल. आई अजूनही "ती गाडी जपून चालव" म्हणते.) शनिवारी दुपारी बाराला सुरुवात, रविवारी बाराला शेवट, मध्ये साधारण १६ मैलांच्या, म्हणजे २६ किलोमीटरच्या फेऱ्या मारत राहायचं. काही जण एकटे चोवीस तास चालवतात. आम्ही चौघी होतो, आळीपाळीनं जाणार. त्याआधी चार वर्षं मी शनिवार-रविवार हौसेनं चालवायचे, मॅकडॉवेल माउंटन पार्कातल्या छोट्या शर्यतींत नवशिक्यांच्या गटात एकदा तिसरी आले होते, आणि तेवढ्यावर डोक्यात हवा गेली होती.

इथलं वर्ष उलटं असतं. शर्यती थंडीत, त्यामुळे मेहनत उन्हाळ्यात. उत्तरेकडचे लोक बर्फामुळे घरात ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी, सायकल मारतात, आम्ही उन्हामुळे. आठवड्याचे तीन दिवस पंख्यासमोर, फरशीवर घामाचं तळं. उरलेले दोन दिवस साऊथ माउंटनवर. पिमा कॅन्यनचं फाटक पहाटे पाचला उघडतं. पावणेचारचा गजर, अर्धं केळं, आणि फाटक उघडायच्या आधी गाड्यांच्या रांगेत आपला नंबर. सात वाजता घरी परत यायचंच, हा कोचनं घालून दिलेला एकमेव कडक नियम.

जुलैच्या मध्यावर तो मी मोडला. डेझर्ट क्लासिक नावाची पायवाट डोंगराच्या दक्षिण अंगानं जवळपास चौदा किलोमीटर जाते. सकाळी सहाला ऐन इंटरवलमध्ये, म्हणजे आलटून-पालटून जोरात आणि सावकाश चालवायच्या सरावात, मागचं चाक बसलं. टायरमध्ये घुसलेला काटा पाहिला आणि हसूच आलं. सराटा! इथे त्याला 'गोटहेड' म्हणतात, बोकडाच्या शिंगांसारखे दोन काटे असतात म्हणून. आजोळच्या शेतात अनवाणी पायात रुतायचा तोच हा, त्याच जातीचा. सातासमुद्रापलीकडे येऊनही ओळख विसरला नाही.

ट्यूबलेस टायरमध्ये पातळ रबराचं औषध भरलेलं असतं, बारीक भोक ते आपोआप बुजवतं. पण मी ते मार्चमध्ये भरलं होतं आणि गॅरेजच्या उकाड्यात ते वाळून पापुद्रे झाले होते. ठीक, जवळची ट्यूब घातली. आणि घाईत टायरच्या आतून बोट फिरवायला विसरले. आत दुसऱ्या सराट्याचं टोक तसंच होतं. दहाव्या मिनिटाला नवी ट्यूबही गेली.

मग चालणं. साडेसात, आठ. बाटलीतलं पाणी चहाइतकं कोमट, मग तेही संपलं. पायाखालच्या खडकातून धग वर येत होती. आणि अचानक हातांवर काटा आला. थंडीत येतो तसा शहारा, चाळीस डिग्रीला. सोलापूरच्या मुलीला याचा अर्थ ठाऊक नव्हता. मला वाटलं, वा, झुळूक आली. ती झुळूक नव्हती. उन्हाचा त्रास व्हायला लागला की अंगावर असा काटा येतो आणि तिथेच थांबायचं असतं, हे नंतर कळलं. पायवाटेच्या खाली आवाटुकीतल्या घरांच्या मागच्या भिंती लागतात, तिथवर कशीबशी पोचले. नळीनं झाडांना पाणी घालणाऱ्या एका आजींनी काही न विचारता ती नळी माझ्या डोक्यावर धरली. सुरुवातीला कढत पाणी आलं, मग साधं. नवरा न्यायला आला तेव्हा मी त्यांच्या पायरीवर बसून बर्फ चोखत होते. गाडीत तो एक शब्द बोलला नाही. एवढं शांत मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी आईला फोन केला. सहानुभूती हवी होती. ती म्हणाली, "अगं, कुठलं उन्हातून चालत येणं? एप्रिलमध्ये तुझी शाळा सकाळची असायची. साडेअकराला घरात, जेवून दारं लावून झोप. चारच्या आत मी कुणाला उंबरा ओलांडू दिलाय का?"

माझ्या सगळ्या फुशारकीचा पायाच गेला. आम्ही ऊन सोसलं नव्हतं, ते चुकवलं होतं. वाळ्याचे पडदे, माठ, गच्चीवर अंथरुणं, सगळा बेत त्याला टाळायचा. आणि मी त्याच्याशी कुस्ती धरायला निघाले होते.

पुढचे दोन महिने कोचनं मला वजनकाट्यावर उभं केलं. चालवायच्या आधी वजन, नंतर वजन. सव्वा तासात १.१ किलो कमी, शिवाय प्यायलेलं ६०० मिली. म्हणजे पावणेदोन लिटरच्या आसपास घाम, आणि मी दिमाखात एक बाटली घेऊन हिंडत होते. मग पाठीवर पाण्याची पिशवी आली, दर पंधरा मिनिटांनी घोट, तहान लागो न लागो. बाजारातलं गोड पाणी तासाभरानं नकोसं होतं, म्हणून एका बाटलीत कोकम, साखर आणि सढळ हातानं मीठ. टीममधल्या तिघींना आधी त्याचा रंग बघूनच धसका बसला. ऑक्टोबरपर्यंत त्या माझ्याकडे आगळ मागायला लागल्या होत्या. उन्हात रोज थोडं थोडं चालवलं तर आठ-पंधरा दिवसांत रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. पण थोडं थोडं, हे महत्त्वाचं. आणि ऑगस्टचे शनिवार-रविवार फ्लॅगस्टाफला, अडीच तासांवर, २,१०० मीटर उंचीवर. तिथे गारवा असतो, पण दम लागतो. एकातून सुटावं तर दुसरं.

ऑगस्टच्या एका संध्याकाळी घरामागच्या माळावर पाऊस आला. इथे पावसाळ्याला 'मॉन्सून'च म्हणतात, सुरुवातीला मला ते ऐकून हसू यायचं. एवढ्याशा शिंतोड्यांना मॉन्सून? पण पाऊस पडला की क्रिओसोटच्या झुडपांना एक उग्र, डांबरट वास सुटतो. मातीचा तो नव्हे. तरी मी अंगणात उभी राहून तो छातीभर घेतला.

ऑक्टोबर ते जानेवारीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. हवा सुंदर, पाय तयार. कौशल्य मात्र कच्चं होतं. इथली जमीन म्हणजे घट्ट थरावर पसरलेला मुरूम. वळणावर पुढचा ब्रेक दाबलात की चाक ज्वारीच्या दाण्यांवरून निसटावं तसं निसटतं. शेजारच्या मेसा शहरातल्या हॉज ट्रेलवर डिसेंबरात तेच झालं, आणि मी थेट चोयाच्या झुडपात बसले.

चोया हा निवडुंग लांबून मऊ, केसाळ दिसतो. त्याचे लिंबाएवढे गोळे नुसत्या स्पर्शानं सुटून चिकटतात, म्हणून लोक म्हणतात तो उडी मारतो. काट्यांना सूक्ष्म उलटे दात असतात. हातानं काढायला गेलात की हातालाही चिकटतो. म्हणून इथला प्रत्येक सायकलवाला खिशात कंगवा ठेवतो. गोळा आणि कातडी यांच्यामध्ये कंगवा सरकवायचा, श्वास रोखायचा आणि झटक्यात दूर उडवायचा, कुणी समोर उभं नाही ना हे बघून. उरलेले काटे पकडीनं एकेक. टीममधली नर्स माझ्या मांडीतले काटे उपटताना मोजत होती. एकोणचाळिसावर मी तिला गप्प केलं.

शर्यतीची जागा म्हणजे वाळवंटात तीन दिवसांसाठी वसलेलं गाव, तंबू, जनरेटर, धूळ. सुरुवातीला सगळे आपापल्या सायकलीपर्यंत पळत जातात. ते पळणं मी आनंदानं दुसरीवर ढकललं. माझी पहिली फेरी दुपारी, एक तास चौतीस मिनिटं, दोन्ही बाजूंना चोयाच्या भिंती. दुसरी रात्री दोनला. जुलैत शिकलेलं सगळं इथे उलटं वापरायचं होतं. थंडीनं बोटं आखडली होती, बाटलीतलं कोकम घशाखाली उतरेना, आणि तहान नसली तरी प्यायचं हा नियम मी दात-ओठ खाऊन पाळला. दिव्याच्या उजेडात फक्त आठ-दहा मीटर जग. शेवटाजवळ 'रॉक ड्रॉप' नावाचा खडकाचा उतार आहे, शेजारून सोपी वाट. त्या वेळीही तिथे शेकोटीभोवती माणसं होती आणि ओरडत होती. मी सोपी वाट घेतली. त्यांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या.

तिसरी फेरी उजाडताना. सवारोंच्या, म्हणजे खांबासारख्या उंच निवडुंगांच्या, माथ्यावर आधी ऊन आलं, मग हळूहळू खाली सरकत माझ्या हातांवर. सात महिन्यांत पहिल्यांदा ते हवंहवंसं वाटलं. यावेळी रॉक ड्रॉप घेतला. चाकं खाली टेकली तेव्हा तोंडातून जे निघालं ते अस्सल सोलापुरी होतं, आणि आसपास कुणाला मराठी येत नव्हतं हे बरं झालं.

आमच्या गटात आम्ही खालून तिसऱ्या. आईला सांगितलं तर म्हणाली, "खालून का होईना, नंबर आला ना?"

मार्चमध्ये एकदा भाकरी थापताना तळहातात काहीतरी टोचलं. पीठ झटकून उजेडात पाहिलं तर कातडीखाली तांबूस रेघ, केसाएवढी. नवऱ्याला हाक मारली, पकड घेऊन ये. तो कंगवाही घेऊन आला.