लपवलेली बेगमी आणि ती सापडण्याची सोय

दोन वर्षांपूर्वी एका रात्री वीज गेली तेव्हा मी घरी नव्हतो. विजेरी, मेणबत्त्या, पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या आणि थोडी रोकड मी ज्या डब्यात ठेवली होती, तो डबा कुठे आहे हे घरातल्या कुणालाच ठाऊक नव्हते. तो मीच लपवला होता आणि चोराच्या हाती लागू नये म्हणून पुरेशा चतुराईने लपवला होता. परतल्यावर मी डबा बाहेर काढला, तर विजेरीतले सेल पाझरून स्प्रिंगभोवती पांढरी पूड जमली होती. म्हणजे डबा त्या रात्री सापडला असता, तरी उजेड पडला नसताच.

आडबाजूला राखीव सामान ठेवण्याच्या माझ्या छंदातल्या दोन्ही चुका त्या एका डब्यात मला दिसल्या. सामान लपवण्यात मी सारी बुद्धी खर्च केली होती, पण ते सापडावे आणि सापडल्यावर चालावे याचा विचार जवळजवळ केलाच नव्हता.

मुळात लपवायचे कशासाठी, हा प्रश्न आधी सोडवला पाहिजे. चोरापासून लपवणे हे एक कारण आहे. घरातल्या माणसांनी सहज हात घालून साठा संपवू नये हे दुसरे, आणि माझ्या अनुभवात अधिक खरे, कारण आहे. परंतु सर्वांत महत्त्वाच्या कारणाचा लपवण्याशी फारसा संबंधच नाही: आग, पूर किंवा भूकंप आल्यास घराच्या ज्या भागात सारा साठा असेल, नेमका तोच भाग हातचा जाऊ शकतो. म्हणून साठा विभागून ठेवायचा. तो विभागला की त्यातला काही भाग नजरेआड आणि देखरेखीविना राहणार हे ओघानेच येते, आणि तेवढ्यापुरतेच लपवणे उपयोगाचे आहे.

प्राण्यांमध्ये या दोन्ही पद्धती आढळतात. उत्तर अमेरिकेतील लाल खार आपली बेगमी मुख्यतः एका ठिकाणी रचते आणि त्या जागेची जिवापाड राखण करते. करडी खार मात्र एकेक फळ वेगवेगळ्या जागी पुरते. त्याच खंडाच्या पश्चिमेकडील डोंगरांत राहणारा क्लार्क्स नटक्रॅकर हा पक्षी एका हंगामात पाइन वृक्षाच्या हजारो बिया थोड्या थोड्या करून जमिनीत पुरतो आणि कित्येक महिन्यांनी, प्रसंगी बर्फाखालूनही, त्या उकरून काढतो. प्रयोगांतून असे दिसले आहे की हे काम तो वासावर नव्हे, तर प्रामुख्याने आसपासच्या ठळक खुणा लक्षात ठेवून करतो. राहून गेलेल्या बियांतून पुढे झाडे उगवतात. आपल्या विसरलेल्या डब्यांतून असे काही उगवत नाही, एवढा फरक ध्यानात ठेवावा.

खुणांचे महत्त्व माणसांपैकी कुणी नीट ओळखले असेल तर ते रोआल्ड अमुंडसेन यांनी. दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेसाठी १९११ मध्ये त्यांनी वाटेवर अन्नाचे साठे उभारले. सपाट बर्फावर धुक्यात किंवा वादळात परतताना थोडीशी दिशा चुकली तरी साठा हुकणार, हे जाणून त्यांनी ८० अंश अक्षांशावरील साठ्याच्या दोन्ही बाजूंना, प्रवासाच्या दिशेला काटकोनात, झेंड्यांची रांग लावली. प्रत्येक झेंड्यावर क्रमांक होता, त्यामुळे कुठलाही एक झेंडा दिसला की साठा कोणत्या बाजूला आणि किती दूर आहे हे कळत असे. त्याच सुमारास दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्या रॉबर्ट स्कॉट यांच्या तुकडीचा मोठा साठा मात्र ठरल्याप्रमाणे ८० अंशावर न पोहोचता ७९ अंश २९ मिनिटांवरच ठेवला गेला, आणि मार्च १९१२ मध्ये परतीच्या वाटेवर स्कॉट आणि त्यांचे उरलेले दोन साथीदार त्या साठ्यापासून सुमारे २० किलोमीटरवर मरण पावले. त्यांच्या मृत्यूची कारणे अनेक होती आणि सारा दोष एका साठ्यावर टाकणे अन्यायाचे होईल. तरीही साठा असणे आणि तो आपल्या पल्ल्यात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यापेक्षा कठोरपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही.

आता प्रत्यक्ष सामानाकडे वळतो. पाणी लपवण्याच्या भानगडीत पडू नये असे माझे मत आहे. पिण्यासाठी आणि जुजबी स्वच्छतेसाठी माणशी दिवसाला सुमारे ४ लिटर धरले, तर चार माणसांचे तीन दिवसांचे पाणी ४८ लिटर, म्हणजेच ४८ किलो होते. एवढे वजन फळीमागे किंवा माळ्यावर कोंबण्यापेक्षा ते सरळ समोर ठेवावे आणि आडजागी फक्त गाळणी आणि शुद्धीकरणाच्या गोळ्या ठेवाव्यात. प्रथमोपचाराची पेटी आणि अग्निशामक हे तर कधीही लपवू नयेत. पेट्रोल घरात साठवणे धोक्याचे आहे, कारण त्याची वाफ ठिणगीने पेट घेते. शिवाय ते काही महिन्यांत खराब होऊ लागते. न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागत असल्याने त्याचा विचार आडजागेसाठी करताच येत नाही.

उष्णता ही साठ्याची सर्वांत मोठी शत्रू आहे आणि लपवण्यासाठी सुचणाऱ्या बहुतेक जागा, म्हणजे छपराखालचा माळा, गाडीची डिकी किंवा पत्र्याची खोली, नेमक्या तापणाऱ्या असतात. तापमान १० अंशांनी वाढले की अन्नाचे टिकाऊपण ढोबळमानाने निम्म्यावर येते. हवाबंद पिशवीत प्राणवायू शोषणाऱ्या पुड्या घालून धान्य ठेवण्याची पद्धत चांगली आहे, परंतु ते धान्य अगदी कोरडे, सुमारे १० टक्के किंवा त्याहून कमी ओलाव्याचे असले पाहिजे. ओलसर पदार्थ प्राणवायूविना बंद केल्यास बॉट्युलिझमचे जंतू वाढू शकतात आणि त्यांचे विष प्राणघातक असते. उंदीर प्लास्टिक कुरतडतात, म्हणून बाहेरचे आवरण धातूचे किंवा काचेचे असावे. सेल उपकरणात न ठेवता वेगळे ठेवावेत, हे आता मला कुणी सांगण्याची गरज उरलेली नाही.

जमिनीत पुरण्याचे आकर्षण मलाही होते. दोन्ही टोके बंद केलेला पाइप त्यासाठी अनेकजण वापरतात, पण एक बाब सहसा ध्यानात येत नाही: आत बरीच हवा राहिलेला हलका पाइप पाणथळ मातीत वर उचलला जातो, आणि पाणी चढेल अशा सखल जागी पुरलेला साठा एक दिवस स्वतःच वर डोकावतो. खणण्यापूर्वी खालून वीजवाहिनी किंवा नळ गेलेला नाही याची खात्री करावी आणि जमीन स्वतःची नसेल तर मालकाची परवानगी घ्यावी. दुसऱ्याच्या वा सार्वजनिक जागेत पुरलेली बंद नळी सापडली, तर सापडणारा माणूस तिच्यात विजेरी असेल असे मुळीच समजणार नाही. जागेची नोंद एखाद्या झाडावरून करू नये. सहज न हलणाऱ्या दोन वस्तूंपासूनची अंतरे फितीने मोजून लिहावीत. दोन अंतरांनी बिंदू दोन निघतात, तेव्हा त्यांपैकी कोणत्या बाजूचा, हेही लिहून ठेवावे. फोनवरील स्थाननिश्चिती काही मीटरने चुकते आणि संकटात फोन चालू असेलच असे नाही.

उरला प्रश्न गुपिताचा. गुपित अनेकांत असे वाटून द्यायचे की ठरावीक संख्येने लोक एकत्र आल्यावरच ते उलगडेल, याची गणिती रीत आदी शमीर यांनी १९७९ मध्ये मांडली. ती सुंदर आहे, परंतु मेणबत्त्यांच्या डब्यासाठी तिची गरज नाही. घरातल्या आणखी एका मोठ्या माणसाला जागा ठाऊक असावी आणि घराबाहेरच्या एका विश्वासू नातेवाइकाकडे बंद पाकिटात तिची नोंद असावी, एवढे पुरते.

आमच्याकडे आता दर सहा महिन्यांनी एक तपासणी होते. मी गप्प बसून राहतो आणि दुसऱ्या कुणीतरी केवळ लेखी नोंदीच्या आधारे, दिवे बंद करून, डबा शोधून काढायचा असतो. मग सेल, गोळ्या आणि मुदतीच्या तारखा पाहिल्या जातात आणि जुने सामान वापरात काढून नवे आत जाते. पहिल्या वेळी मुलीला बराच वेळ लागला, कारण मी नुसते ‘डावीकडे’ असे लिहिले होते आणि कुणाच्या डावीकडे हे लिहायचे राहिले होते. नोंदीत आता ‘दाराकडे पाठ करून उभे राहिल्यास’ असे पाच शब्द वाढले आहेत.