आमची वाटचाल : खाजकुयली ते उंबर

२०१६ साली मी आणि बायकोने हे काम सुरू केलं, तेव्हा भांडवल म्हणजे भाड्याची टेम्पो ट्रॅव्हलर, दोन दोरखंड आणि मी रात्री जागून केलेली २८ पानांची वर्कशीट. पुण्यातली पोरं रविवारी मुळशीच्या रानात न्यायची, झाडं ओळखायला शिकवायची, बस्स. राखीव जंगलात वनखात्याची परवानगी लागते, म्हणून एका शेतकऱ्याचं मालकी रान वर्षाच्या बोलीवर घेतलं. ऐन, हिरडा, जांभूळ आणि ओढ्याकाठी एक जुना उंबर.

तिसरी सहल डिसेंबरातली. मी हिरड्याचे औषधी उपयोग सांगत होतो आणि मागे चार पोरांनी मखमली शेंगा तोडल्या. खाजकुयली! रडारड, खाजवाखाजव. वाडीतल्या आजी धावत आल्या, ओलं शेण थापलं, वाळल्यावर खरवडून काढलं. "मास्तर, तोंड कमी चालवा, पोरांकडं बघा जरा," म्हणाल्या. संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आमची चांगलीच हजेरी घेतली गेली. पुढच्या रविवारच्या १४ पैकी ९ जणांनी नावं काढली. पैसे परत दिले, गाडीभाडं अंगावर.

वर्कशीट तेव्हाच बंद केली. आता रानात शिरलं की आधी पोरांनीच कुयलीचा वेल शोधायचा: तीन-तीन पानं, वाकड्या शेंगा, त्यावर सोनेरी लव. हात मागे बांधून.

पुढच्या मार्चात आठ वर्षांची एक मुलगी विचारती झाली, "आमची आजी म्हणते, उंबराचं फूल झालीस. पण उंबराला फूल असतं कुठे?" मी तोंड उघडणार, तोच बायकोने डोळे वटारले. मुलीने खाली पडलेलं एक फळ नखाने फोडलं. आतून चिलटाएवढ्या माश्या बाहेर आल्या, एकीच्या पाठीमागे एक. मग हिरवं फळ फोडलं, तर आत बारीक फुलंच फुलं. पोरं अर्धा तास तिथून हलली नाहीत. त्या माशीवाचून उंबराला बी धरत नाही, एवढं एकच वाक्य मी बोललो, तेही जेवताना.

२०२०मध्ये कोरोनाने सगळं ठप्प केलं. ते दिवस आठवायलाही नको. सध्या महिन्याला तीन सहली होतात, एका सहलीत १६ मुलं, त्याहून जास्त घेत नाही. जेवण आजींकडचं, पिठलं-भाकरी. यंदा त्यांनी ताटामागे २० रुपये वाढवलेत. घासाघीस करायची माझी हिंमत झाली नाही.