कोणतं बोट हलवायचं नाही

सोलापुरातली सिद्धेश्वराची जत्रा, म्हणजे आमचा गड्डा उठला आणि मी गिटार हातात घेतली. भजनी मंडळात पेटी वाजवते, त्यामुळे सूर-तालाची ओळख होती. पण पेटीवर डाव्या हाताला काम एकच, भाता मारायचा. गिटारवर सगळा खेळ त्याच हाताचा. समोरच्या लूमवाल्यांचा मुलगा कॉलेजच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो, त्याला गाठलं. पूर्व भागातला, घरी तेलुगू बोलणारा, मला पहिल्यापासून अक्काच म्हणतो.

कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवायचा सुरांचा गट. ई मायनर, ए मायनर, सी, जी, डी एवढ्या कॉर्ड पाठ व्हायला फार वेळ लागला नाही. बोटं मात्र सोलवटून निघाली. तारा स्टीलच्या. खलबत्त्यातली शेंगा चटणी डब्यात भरताना डावी बोटं अशी झोंबायची की विचारू नका. पंधरवड्यात टोकं निबर झाली आणि तो त्रास संपला. दाबायचंही थोडंच असतं. गिटारच्या मानेवर, म्हणजे लांब दांडीवर, धातूच्या आडव्या पट्ट्या असतात. पट्टीच्या अगदी मागे बोट ठेवलं तर हलक्या दाबानेही सूर स्वच्छ निघतो, लांब ठेवलं की तार करकरते.

खरं घोडं अडलं ते एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना. ए मायनर वाजते, सी वाजते, मधे मात्र सगळं ठप्प. उजवा हात थांबतो, डोळे मानेवर खिळतात, बोटं एकेक करून जागा शोधतात. पोरगा म्हणाला, "अक्का, सगळी बोटं कशाला उचलायलाव? जी जाग्यावर आहेत त्यांना राहू द्या की."

बघितलं तर खरंच. (गिटार धरल्यावर सगळ्यात खालची बारीक तार पहिली, सगळ्यात वरची जाड तार सहावी. दोन पट्ट्यांमधली जागा म्हणजे घर.) ए मायनरमध्ये तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या घरात आणि मधलं बोट चौथ्या तारेवर दुसऱ्या घरात असतं. सी कॉर्डमध्येही ही दोन्ही तिथेच. फक्त अनामिका तिसऱ्या तारेवरून निघून पाचव्या तारेच्या तिसऱ्या घरात जाते. म्हणजे तीन बोटांचं वाटणारं काम एका बोटाचं. ई मेजरवरून ए मायनरला जाताना तर आकारही बदलत नाही, तिन्ही बोटं तशीच एकेक तार खाली सरकतात. मग मी वहीत प्रत्येक जोडी लिहून काढली आणि समोर कोणतं बोट हलणार नाही ते मांडलं. ज्या जोडीत एकही बोट राहत नाही तिथे कोणतं आधी पोचणार, ते.

जी कॉर्डने मात्र घाम फोडला. तिची बोटं धरायच्या दोन पद्धती आहेत. सी वरून येताना मधलं बोट आणि अनामिका, दोन्ही एकेक तार वर सरकवायची आणि करंगळी पहिल्या तारेच्या तिसऱ्या घरात ठेवायची. हात जवळजवळ तसाच राहतो. पण इथून डी ला जायचं म्हटलं की सगळं सोडून द्यावं लागतं. डी साठी दुसरी पद्धत बरी: तर्जनी पाचव्या तारेवर दुसऱ्या घरात, मधलं सहावीवर तिसऱ्या घरात, अनामिका आणि करंगळी दुसऱ्या आणि पहिल्या तारेवर तिसऱ्या घरात. आता डी धरताना अनामिका जागची हलत नाही, बाकीची तिच्याभोवती जमतात. पोरगा एकच पद्धत पक्की करा म्हणत होता, मला ते पटलं नाही. पेटीवरही एका सुराला ठरलेलं बोट नसतं, पुढे कुठे जायचंय त्यावर बोट ठरतं. मी दोन्ही जी ठेवल्या.

सराव गाण्यावर नाही, जोडीवर केला. घड्याळ लावून एक मिनिट ए मायनर-सी, ए मायनर-सी, दुसरं काही नाही. हिशेब सोपा आहे: ठोका मिनिटाला 60 आणि चार ठोक्यांना एक कॉर्ड असेल तर मिनिटात 15 बदल लागतात. म्हणून 30 बदल आरामात व्हायला लागले की मगच ती जोडी गाण्यात घ्यायची. ठोके देणाऱ्या यंत्राची, मेट्रोनोमची गरज पडली नाही. समोरचा लूम दिवसभर खटाखट चालूच असतो. आठव्या खटक्याला कॉर्ड बदलायची. लाइट गेली की लूमही बंद आणि माझा रियाजही! लूम थांबत नाही म्हणून उजवा हातही थांबवायचा नाही, हे त्यातूनच अंगवळणी पडलं. बदल होतानाच्या शेवटच्या अर्ध्या ठोक्याला तारा मोकळ्या वाजल्या तरी चालतात. चांगले वाजवणारेही तेच करतात, ऐकणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

एप्रिल-मे सोलापुरात गिटारलाही सोसत नाही. उन्हाने तार प्रसरण पावते, ताण कमी होतो आणि सूर उतरतो. दुपारी बेसूर वाजलं की आधी माझ्या बोटांवर संशय यायचा, आता आधी मोबाइलवरच्या ट्यूनरवर तारा तपासते. पत्र्याच्या खोलीतून गिटार फरशीच्या खोलीत आणली. बोटांना घाम सुटतो म्हणून मांडीवर पंचा असतोच.

एफ अजून बाकी आहे. एका तर्जनीने सहाही तारा दाबायच्या म्हणजे मनगटाची परीक्षा. तोवर मी एफ मेजर सेव्हनवर भागवते. सी वरून येताना तर्जनी जागेवरच राहते, मधलं बोट आणि अनामिका एकेक तार खाली सरकतात, जाड दोन तारा वाजवायच्या नाहीत. मंडळातल्या दोन-तीन भजनांना एवढं पुरतं. एफचं विचारलं तर पोरगा म्हणतो, "पावसाळ्यात बघू अक्का, आत्ता घामाने बोट सटकतंय." तोवर वहीत ए मायनर-जी ची जोडी बाकी आहे, ती चालू आहे.