ॲल्युमिनियमचं एचिंग बिघडलं? आधी ॲमीटर बघा

खाऱ्या पाण्यातून वीज सोडून ॲल्युमिनियमची नेमप्लेट खोदताना (हेच एचिंग) काम नीट होत नसेल, तर बहुतेक जण मिठाचं प्रमाण बदलत बसतात. चूक तिथे क्वचितच असते. लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम मीठ, जॉब, म्हणजे खोदायचा पत्रा, डीसी सप्लायच्या पॉझिटिव्हला आणि समोर ५-६ सेंमीवर तेवढाच लोखंडी पत्रा निगेटिव्हला, एवढं पुरतं.

ॲमीटरवर, म्हणजे करंट मोजणाऱ्या मीटरवर, करंट क्षणभर चढून शून्याकडे गेला, तर मिठाऐवजी खायचा सोडा पडलाय का बघा. सोड्यात पॉझिटिव्ह ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर बसून करंट अडतो. एसीचा डीसी करणारे जुने इलेक्ट्रोलिटिक रेक्टिफायर याच गुणावर चालायचे. मिठातलं क्लोराइड तो थर फोडतं. करंट मुळातच नसेल, तर पत्रा ॲनोडाइज्ड (मुद्दाम ऑक्साइडचा थर चढवलेला) असेल किंवा वायरच्या क्लिपखाली ऑक्साइड असेल. तेवढी जागा घासून घ्या. क्लिप पाण्याबाहेरच ठेवा, नाहीतर तीही विरघळते.

करंट हळूहळू वाढत गेला की समजा, अक्षरांभोवतीची जागा झाकणारं व्हिनाइल स्टिकर सुटतंय आणि उघडी जागा वाढतेय. याचं मूळ जवळजवळ नेहमी तेलकट हातात असतं. भांडी घासायचं लिक्विड लावून ८०० नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरने घासा. पाणी ओतल्यावर थेंब न धरता सलग पसरलं, तरच सुकवून स्टिकर लावा. पाठ आणि कडा नेलपॉलिशने बंद करा.

खोलीचा हिशेब ठेवाच. एक अँपिअर-तास ०.३३६ ग्रॅम ॲल्युमिनियम काढतो, म्हणजे ०.१२४ घनसेंमी. अक्षरांची उघडी जागा १० चौसेंमी आणि खोली ०.१ मिमी हवी असेल, तर २ अँपिअरवर साधारण २४ मिनिटं. धातू बाजूनेही जवळपास तेवढाच खाल्ला जातो, म्हणून अक्षर ०.२ मिमीने जाड होईल. बारीक फाँट टाळलेलाच बरा.

अक्षरं मध्येच उथळ राहिली, तर त्यांत पांढरा चिकट गाळ साचलेला असतो. तो ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड. पत्रा उभा धरा, दर ५ मिनिटांनी सप्लाय बंद करून मऊ ब्रश फिरवा. काळी पूड मात्र दोष नव्हे. २०२४ नंबरसारख्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूतलं तांबं विरघळत नाही, ते मागे उरतं.

निगेटिव्हकडे हायड्रोजन सुटतो, तेव्हा खिडकी उघडी हवी आणि ठिणगी लांब. स्टेनलेस स्टील चुकूनही पॉझिटिव्हला जोडू नका, त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं आणि ते विषारी असतं.