सिम्युलेटरवर स्टिक पारखताना

विमानाची कंट्रोल स्टिक, म्हणजे वैमानिक ज्याने विमान वळवतो तो दांडा, सिम्युलेटरवर तपासायला घेतली, की वैमानिकाला ‘कशी वाटली?’ असे विचारण्याचा मोह आवरावा लागतो. ‘छान आहे’ या उत्तराचा रचनाकाराला काडीचाही उपयोग नसतो. म्हणूनच नासाचे जॉर्ज कूपर आणि कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरीचे रॉबर्ट हार्पर यांनी १९६९ साली मांडलेली १ ते १० अशी श्रेणी मला आजही भरवशाची वाटते. विमान ताब्यात राहते का, नेमून दिलेले काम सोसवेल इतक्या कष्टांत साधते का आणि सुधारणेवाचून चालेल का, या क्रमाने ती वैमानिकाला विचारत नेते. १ म्हणजे उत्कृष्ट आणि १० म्हणजे ताबाच सुटला.

संथ, सरळ उड्डाणात कोणतीही स्टिक गुणीच ठरते. त्यामुळे उतरण्याचा मार्ग मुद्दाम धावपट्टीच्या मध्यरेषेच्या बाजूला ठेवावा आणि धावपट्टी जवळ आल्यावरच वैमानिकाला विमान मध्यरेषेवर आणून ठरलेल्या जागी टेकवायला सांगावे. मग स्टिकच्या हालचालीचा आलेख पाहावा. चांगल्या स्टिकची रेघ मोजकी वळणे घेते, वाईट स्टिकची करवतीच्या दात्यांसारखी होते. विमान मात्र दोन्ही वेळा जवळपास त्याच जागी टेकलेले असू शकते. निव्वळ अचूकता मोजणाऱ्याला इथे फरक सापडत नाही.

न हलणाऱ्या, फक्त हाताचा जोर ओळखणाऱ्या स्टिकचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. २० जानेवारी १९७४ रोजी अमेरिकेतील एडवर्ड्स हवाई तळावर चाचणी वैमानिक फिल ओस्ट्रिकर अशीच स्टिक असलेले वायएफ-१६ (एफ-१६ लढाऊ विमानाचा पहिला नमुना) केवळ धावपट्टीवर वेगाने पळवून पाहणार होते. पण विमान दोन्ही बाजूंना हेलकावे खाऊ लागले, आडवी शेपटी धावपट्टीला घासली आणि अखेर त्यांनी ते हवेत नेले. रोलचा, म्हणजे बाजूला कलण्याचा, प्रतिसाद फार तीव्र होता, आणि आपण विमानाकडे किती मागतो आहोत याचा अंदाज स्टिकच्या हालचालीवरून घेण्याची सोयच नव्हती. पुढे एफ-१६च्या स्टिकला थोडी हालचाल देण्यात आली.

असे हेलकावे जमिनीवर घट्ट बसवलेल्या सिम्युलेटरमध्ये सहसा पुरते उघड होत नाहीत, कारण तिथे वैमानिकाच्या शरीराला झटका बसत नाही आणि जिवाची धास्तीही नसते. उलट चित्र पडद्यावर उमटायला लागणारा वेळ चांगल्या स्टिकलाही बदनाम करू शकतो. अमेरिकी लष्करी मानकात विमानाच्या प्रतिसादातील विलंब सर्वोत्तम पातळीसाठी ०.१ सेकंदापर्यंतच मान्य होता. म्हणून गुण लिहून घेण्याआधी सिम्युलेटरचा स्वतःचा विलंब मोजणे मी अपरिहार्य मानतो.

आणखी एक गोष्ट बहुधा राहून जाते. १९८८ साली सेवेत आलेल्या एअरबस ए३२० या प्रवासी विमानाच्या दोन साइडस्टिक (वैमानिकांच्या बाजूला बसवलेल्या स्टिक) एकमेकींना जोडलेल्या नाहीत, त्यामुळे शेजारचा वैमानिक काय करतो आहे हे हाताला जाणवत नाही. गल्फस्ट्रीम जी५०० या खासगी जेट विमानात मात्र एक स्टिक हलली की दुसरीही हलते. या दोन रचनांची तुलना करायची, तर दोन्ही खुर्च्यांवर वैमानिक बसवून, उतरताना ऐन वेळी ताबा एकाकडून दुसऱ्याकडे द्यायला लावावा.